चित्र आडवं की उभं?

नाशिक, रविवार

प्रिय दिग्या,

चित्राला सम नसते, तालात सगळे जिथे एकत्र येऊन पोचतात ती पहिली मात्रा त्यात नसते, हे तुझं वाक्य आता मागे घे. मागच्या शनिवारी माझ्या डोळ्यांदेखत चित्र समेवर आलं. फोन करणार होतो, पण फोनवर तू मध्येच तोंड घालतोस आणि विषय कुठल्या कुठे जातो. हे तुला सलग ऐकायलाच हवं. शिवाय तुझ्याकडून मला एका गोष्टीचं उत्तर हवंय, तेही लवकर.

बाबांचा गुडघा ठीक, जिना चढतात. आईचं बीपी गोळीवर आहे. मी उत्तम.

तर निमाने तिळभांडेश्वर लेनमधल्या बापूच्या मामांच्या वाड्यात कथकचा कार्यक्रम केला. तोच वाडा, जिथे आपण गणपतीची आरास करायचो. नाचायला निमा, तबल्यावर पिंट्या, पेटीवर मी आणि चित्राला रंजू. ही तुला माहीत नाही. हरसूलकडची पोरगी, चित्रकला इथेच शिकली. बोलते कमी, पण बघते फार.

चौकात फरशीवर मांजरपाटाचं मोठं कापड अंथरलं होतं, गेरूने रंगवलेलं. कडा चिकटपट्टीने पक्क्या केलेल्या. रंजूकडे ना ब्रश, ना रंगाच्या वाट्या. फक्त तांदळाचं पीठ, तेही कोरडं. वारली भिंतीवर गेरूवर जो पांढरा उमटतो तोच हा, फक्त पाण्यात न कालवलेला. ओला रंग घेतला असता तर निमा तिथेच आपटली असती. पिठावरूनही पाय सटकतोच, म्हणून चक्कर कापडाबाहेर घ्यायचे असं ठरलेलं. फरशीवर पायांचा ततकार लाकडासारखा घुमत नाही, त्यात वर कापड, म्हणून सगळी भिस्त घुंगरांवर.

रंजू मुठीतून पीठ सोडत रेघ काढायची, निमाचा पाय ती मोडायचा, आणि रंजू मोडलेल्या जागेच्या कडेने पुढची रेघ घ्यायची. थोड्या वेळाने कुठली रेघ हाताची आणि कुठली पायाची, हे मला ओळखू येईना. मी चंद्रकंस रागातला लेहरा धरला होता. लेहऱ्याचं काम तुला काय सांगायचं! सोळा मात्रांची एकच ओळ, तीच पुन्हा पुन्हा. बाकीच्यांनी हवं तिकडे फिरून यावं, आपण त्यांची जागा धरून ठेवायची.

द्रुत, म्हणजे जलद लयीत निमाने तिहाई, एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर यायचं ते, आधी पढली आणि मग पायांनी उचलली. तिगधा दिगदिग थेई, एक. तिगधा दिगदिग थेई, दोन. रंजू गुडघ्यावर बसलेली, मूठ हवेत. तिसऱ्या थेईला निमाचा पाय कापडावर पडला आणि त्याच क्षणी त्याच पायावर वरून पीठ आलं. निमा तशीच थांबली. पुढच्या आवर्तनात तिने पाय अलगद उचलला, तर खाली गेरूचा लाल तळवा, पाची बोटांसकट, आणि भोवती सगळं पांढरं. माडीच्या कठड्याला टेकून बघणाऱ्यांतून एकदम ‘अहाहा’ आलं. माझी बोटं पेटीवर चालू होती म्हणून बरं, नाहीतर मी ओरडलोच असतो.

आता नीट विचार कर. पीठ दगडासारखं धप्पकन पडत नाही, तरंगत येतं. म्हणजे पोरीने मूठ समेच्या आधीच उघडली होती. पाय कधी पडणार आणि पिठाला खाली यायला किती वेळ लागणार, दोन्ही धरून. मी नंतर विचारलं, मात्रा मोजत होतीस का? म्हणाली, “नाही सर, तुमची ओळ संपत आली की कळतं.” दिग्या, इतकी वर्षं लेहरा वाजवतोय, याहून मोठी दाद मला कुणी दिलेली नाही.

पण हे सगळं दिसलं माडीवरच्यांना. खाली सतरंजीवर बसलेल्यांना निमा दिसली, रंजूची पाठ दिसली, चित्र दिसलंच नाही. माझा घोर इथून सुरू होतो.

एका महोत्सवाच्या लोकांनी हे ऐकलं आणि आता कालिदास नाट्यगृहात करा म्हणतायत. मानधन चांगलं आहे, रंजूला तर त्याची गरजच आहे. निमालाही मनापासून हवंय, तिचं म्हणणं की वाड्याच्या चौकात मावतील तेवढ्याच लोकांसाठी किती दिवस नाचायचं. बरोबरच आहे तिचं. पण महोत्सववाल्यांची अट अशी की चित्र मागे उभं लावा, नाहीतर वर कॅमेरा टांगून मोठ्या पडद्यावर दाखवा.

उभं लावायला माझा जीव तयार नाही. उभ्या कापडावर कोरडं पीठ ठरणार नाही, मग ते कालवावं लागणार. आणि कालवलेलं तांदळाचं पीठ ओलं असताना धड दिसतही नाही, वाळत जातं तसं पांढरं होतं. म्हणजे सम येऊन जाणार, टाळ्या होणार, आणि रेघ त्यानंतर सावकाश उजाडणार. शिवाय रंजू निमाच्या मागे जाणार. आज ती निमाच्या पायाशी आहे, समोरासमोर. मागे गेली की ती पडदा रंगवणारी झाली, नाचाशी तिचा संबंध संपला.

तू म्हणशील, पडद्यात वाईट काय आहे? पिकासोने १९१७ साली पॅरिसच्या ‘पराद’ या बॅलेला पडदा रंगवलाच होता, पोशाखही केले होते. हे तू मला इतक्यांदा ऐकवलंयस की सालासकट पाठ आहे. पण लेका, तुझा स्वतःचा पडदा आठव. गॅदरिंगला तू पहाटेपर्यंत रंगवत बसलास, रंग वाळलाच नाही, आणि निमा गिरकी घेऊन मागे टेकली तर तुझा अख्खा सूर्य तिच्या ओढणीवर! सरांनी तेव्हा सांगितलं होतं, हा या गॅदरिंगमधला एकमेव सूर्योदय.

आणि चित्रकार राउशेनबर्गही तुझाच ना? १९५४ मध्ये नर्तक मर्स कनिंगहॅमच्या ‘मिन्यूशी’ या नाचासाठी त्याने जे बनवलं ते मंचावर मोकळं उभं होतं, नाचणारे त्याच्यातून ये-जा करायचे. म्हणजे उभं असलं तरी ते नाचाच्या मध्ये होतं, मागे नव्हतं! त्यावरूनच आपलं भांडण जुंपलं होतं. कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज नाच आणि संगीत वेगवेगळं बांधायचे आणि दोन्ही मंचावर एकत्र आणायचे, हे सांगून तू म्हणालास की मग लेहरेवाल्याची गरजच काय. मला ते फार लागलं होतं. आजही माझं म्हणणं तेच आहे: त्यांनी सगळेच धागे सोडले, आपण एक धरून बाकीचे सोडतो. रंजूची मूठ त्या एका धाग्यामुळेच उघडली.

तिला विचारलं, हे तुला सुचलं कुठून. तर म्हणे, सुचायचं काय त्यात, आमच्याकडे बोहाड्यात रात्रभर हेच असतं. मला एकदम आपण मोखाड्याला सोंगांचा तो उत्सव बघितला ती रात्र आठवली. संबळ वाजतंय, गल्लीच्या दोन्ही बाजूंना माणसं, आणि मधून एकेक सोंग नाचत येतंय. रंगवलेला लाकडी मुखवटा म्हणजे चित्रच की, पण संबळावर नाचणारं, थेट तुझ्या अंगावर येणारं. मध्ये मंच नाही, मागे पडदा नाही. तू मात्र कुणाच्या तरी ओट्यावर घोरत पडलास आणि डोळे उघडलेस तर समोर नरसिंह! तुझी ती किंकाळी बापू अजून करून दाखवतो.

आता कॅमेऱ्याचं. हे तुझ्या धंद्यातलं, तूच सांग. आम्ही वाड्यात आदल्या दिवशी करून बघितलं होतं, खाली बसणाऱ्यांसाठी भिंतीवर प्रोजेक्टर. पाय पडल्याचं कानाला आधी कळायचं, भिंतीवरचा पाय मागून पडायचा. ते बघून मला मळमळायला लागलं आणि निमाने तो बंद करायला लावला. मी हिशोब मांडला. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत चार फ्रेम जरी मागे पडलं तरी १६० झाले. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे अर्ध्या मात्रेहून जास्त उशीर! पिंट्या म्हणतो, आवाजच तेवढा उशिरा सोडू. स्पीकरचा सोडशील रे, पण तबल्याचा आणि घुंगरांचा मूळ आवाज पहिल्या रांगांना थेट पोचतो, त्याला कोण धरून ठेवणार?

मला खरं तर गोदाघाट हवा होता. पायऱ्यांवर लोक, खाली कापड, माडीवरून दिसलं तसंच सगळ्यांना दिसेल. पण सिंहस्थाची कामं चालू आहेत, आणि नदीवरच्या वाऱ्यापुढे पिठाचं काय होणार! रंजूला विचारलं तर ती फक्त हसली.

मग काल रात्री एक सुचलं, आणि त्यासाठीच हा सगळा प्रपंच. कापड आडवंच ठेवायचं आणि वर तिरका आरसा टांगायचा. समोर बसलेल्याला आरशात फरशी वरून दिसेल आणि एका फ्रेमचाही उशीर नाही. काचेचा नको, निमाच्या डोक्यावर काच टांगलेली मला बघवणार नाही. हलक्या चौकटीवर ताणून बसवलेली आरशासारखी फिल्म मिळते ना? ती तेवढ्या मापात सुरकुती न पडता ताणली जाते का? वरून लाइट मारले की लोकांच्या डोळ्यांत तिरीप जाईल का? तुमच्याकडे ट्रस, म्हणजे दिवे टांगायचे सांगाडे, उभारणारी माणसं आहेत, त्यांना विचार. माझा अंदाज आहे की हे जमेल. निमाला आरसा पसंत आहे. आरसाही जमला नाही तर मी कालिदासला नको म्हणेन, आणि मग निमाशी वाईटपणा येईल, तो मी घेईन. रंजूला मागे उभं करून हे करायचं नाही, एवढं माझं ठरलंय.

हैदराबादचा फ्लॅट ताब्यात मिळाला, हे काकूंकडून कळलं. अभिनंदन! सानूची दहावी आहे, तिला तुझं गणित शिकवू नकोस, वहिनींनाच शिकवू दे. काकूंना घेऊन डॉक्टरकडे मीच जातोय पुढच्या आठवड्यात, काळजी नको. आणि हातात पेन्सिल धरतोस की नाही हल्ली? हे एकदा तरी खरं सांग.

महोत्सववाल्यांना शुक्रवारी सांगायचंय, तेव्हा गुरुवारपर्यंत कळव. कापड १२ बाय १२ फुटांचं आहे. मंचाची उंची आणि वरच्या बारची मापं पिंट्या उद्या जाऊन घेतोय, तुला पाठवतो. फिल्मचा खर्च किती येईल तेही लिही, आणि यायचं जमत असेल तर एक दिवस आधीच ये, चौकट टांगताना तू खाली उभा हवास.

तुझा,
विन्या