कॉम्रेड पानसरे यांच्या खुनाला १० वर्षे झाली : गृहमंत्र्यांना खुले पत्र

कोल्हापूर, २० फेब्रुवारी २०२५

माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, स. न. वि. वि.

१६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरून घरी परतणाऱ्या कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरे (आमचे अण्णा) आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर कोल्हापुरात, त्यांच्या घराजवळच गोळ्या झाडल्या गेल्या. उमाताई वाचल्या, अण्णांचे २० तारखेला मुंबईच्या रुग्णालयात निधन झाले. आज त्याला १० वर्षे झाली. गेल्या महिन्यात, २९ जानेवारीला, उच्च न्यायालयाने या खटल्यातील ६ आरोपींना जामीन दिला आणि त्यासाठी प्रदीर्घ कोठडी व रेंगाळलेला खटला ही कारणे दिली, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

न्यायालयाला मी दोष देत नाही. दोष सिद्ध झाल्याशिवाय कोणालाही वर्षानुवर्षे कोंडून ठेवू नये, हे अण्णांनीही वकील म्हणून मान्य केले असते. पण खटला रेंगाळला तो कोणामुळे? खून २०१५ चा आणि आरोप निश्चित झाले जानेवारी २०२३ मध्ये. तपास आधी एसआयटीकडे, म्हणजे विशेष तपास पथकाकडे होता. तो एटीएसकडे, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाकडे द्यावा यासाठी पानसरे कुटुंबालाच उच्च न्यायालयात जावे लागले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती मागणी मान्य झाली. ज्यांच्या घरचा माणूस मारला गेला, त्यांनीच वकील लावून तपास कोणी करावा हे सांगायचे असेल, तर आपले खाते कशासाठी आहे? दोन संशयित आजही फरार आहेत. यामागचा सूत्रधार कोण, हा कुटुंबाचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न होता आणि तो आजही तिथेच आहे.

मी अण्णांचा नातेवाईक नाही. घरकामगार आणि फेरीवाल्यांच्या मोर्चांत, टोलच्या आंदोलनात त्यांच्या मागून चाललेल्या हजारोंपैकी एक आहे. या खुनाच्या निषेधार्थ दर महिन्याच्या २० तारखेला आम्ही निर्भय मॉर्निंग वॉकला निघतो. सहा वाजता मी पायात चपला घालतो तेव्हा पत्नी दाराशी येऊन उभी राहते आणि मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आत जात नाही. २०१५ पूर्वी ती कधी अशी उभी राहत नव्हती. तिला मी काय सांगू? या १० वर्षांत मी ११ पत्रे पाठवली आणि मला दोन उत्तरे आली. दोन्हींत एकच वाक्य होते, की आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे. कुठे पाठवला, कोणाकडे पाठवला, त्याचे काय झाले, हे कोणीही कळवले नाही. गुडघे दुखतात म्हणून मुलगा आता जाऊ नका म्हणतो, पण मी थांबलो तर मारेकऱ्यांना हेच हवे होते असे मनाला वाटत राहते.

आणि हे एका खुनापुरते नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ चा, निकाल १० मे २०२४ चा. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले, आणि सूत्रधारापर्यंत तपास यंत्रणा पोहोचल्या नाहीत हे खुद्द निकालपत्रातच नमूद झाले. धारवाडला कन्नड विचारवंत डॉ. एम. एम. कलबुर्गी यांचा आणि बेंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश यांचा खून झाला. लंकेश यांच्या खुनानंतर कर्नाटकच्या एसआयटीने एका वर्षाच्या आत अटका केल्या आणि त्यातूनच आपल्याकडच्या तपासाला धागे मिळाले. शेजारच्या राज्याने दाखवेपर्यंत आपल्या पोलिसांना काही दिसत नव्हते, ही महाराष्ट्राला मान खाली घालायला लावणारी गोष्ट आहे. शाहू, फुले, आंबेडकर यांची नावे प्रत्येक भाषणात घेणाऱ्या सगळ्याच पक्षांच्या सरकारांच्या काळात हे घडले, म्हणून माझी तक्रार एकट्या आपल्याविरुद्ध नाही; पण आज त्या खुर्चीवर आपण आहात.

२ जानेवारीला उच्च न्यायालयाने तपासावरची देखरेख थांबवली आणि खटला रोजच्या रोज चालवावा असे सांगितले. म्हणजे आता विचारणारे कोणी उरले असेल तर ते कुटुंब आणि आम्ही. दैनंदिन सुनावणीसाठी सरकारी पक्षाकडून एकही तारीख वाया जाणार नाही याची हमी द्या. फरारींच्या शोधात आणि सूत्रधाराच्या तपासात नेमके काय केले, हे पानसरे कुटुंबाला लेखी कळवा. साक्षीदार म्हातारे होत चालले आहेत, त्यांना आणखी १० वर्षे थांबता येणार नाही.

२० मार्चला सकाळी आम्ही पुन्हा निघू. त्याआधी उत्तर यावे, आणि ते कार्यवाहीसाठी पाठवल्याचे नसावे.

आपला,
कोल्हापूरचा एक नागरिक