वहिनींच्या बाळंतपणाआधी पॉलिसी वाचून घे

नाशिक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वहिनींना तिसरा महिना लागल्याचे परवा फोनवर कळले आणि घरातल्या सगळ्यांना फार आनंद झाला. मात्र बोलता बोलता तू म्हणालास, ‘गेल्या वर्षीच पाच लाखांची पॉलिसी काढली आहे, खर्चाची चिंता नाही’, तेव्हापासून मला स्वस्थता नाही. कारण तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो.

आपण स्वतः काढलेल्या बहुतेक पॉलिसींत बाळंतपणाचा खर्च मुळातच वगळलेला असतो आणि त्यात सिझेरियनही आले. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत राहिला, तर ते उपचार मात्र या वगळणुकीत येत नाहीत. ज्या पॉलिसींत मॅटर्निटी कव्हर मिळते, त्यांतही बऱ्याचदा दोन ते चार वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तेवढा काळ हा खर्च मिळत नाही, त्यामुळे आता घाईने नवी पॉलिसी घेऊन या खेपेस उपयोग होणार नाही. खरी आशा वहिनींच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीची आहे, कारण तिथे ही अट अनेकदा माफ असते.

पण तिथेही पाच लाखांचा विमा म्हणजे बाळंतपणाला पाच लाख, असे समजू नकोस. आमच्या पॉलिसीत सिझेरियनची मर्यादा ५० हजारांची होती आणि बिल झाले ९२ हजारांचे. तेवढे आम्ही कसेबसे पेलले असते. परंतु बाळ चौतिसाव्या आठवड्यातच आले आणि त्याला अकरा दिवस काचेत ठेवावे लागले. त्याच्या इवल्याशा मनगटावर कागदी पट्टी होती आणि तिच्यावर ‘बेबी ऑफ’ लिहून पुढे आईचे नाव होते. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीवर मी मोठ्या विश्वासाने सांगितले की, बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे. कव्हर होतेच, पण ते मॅटर्निटीच्या त्याच ५० हजारांत धरलेले होते आणि ते पैसे सिझेरियनमध्येच संपले होते. वडिलांनी त्या संध्याकाळी त्यांची मुदत ठेव मोडली. तो दिवस मी विसरू शकत नाही.

म्हणून वहिनींना एचआरकडून एकच गोष्ट लेखी विचारून घ्यायला सांग: बाळाचा खर्च मॅटर्निटीच्या मर्यादेत धरतात की कुटुंबाच्या पूर्ण विमा रकमेत? आणि जन्मानंतर बाळाचे नाव किती दिवसांत नोंदवावे लागते, हेही त्याच मेलमध्ये विचारा. माझ्या मते सिझेरियनच्या आकड्यापेक्षा ही दोन उत्तरे महत्त्वाची आहेत. दर महिन्याची तपासणी आणि सोनोग्राफी यांचे पैसे बहुधा खिशातूनच जातील, ते वेगळे काढून ठेव.

डिस्चार्जच्या दिवशी ताटकळत बसू नकोस. कॅशलेसच्या, म्हणजे कंपनीने बिल थेट रुग्णालयाला देण्याच्या, अंतिम मंजुरीसाठी विमा कंपनीला तीन तासांची मुदत आहे, असा विमा नियामकाचा २०२४चा नियम आहे. आणि आकडे जुळलेच नाहीत, तर सरकारी रुग्णालयाला कमी लेखू नकोस. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११पासून तिथे सिझेरियनसह प्रसूती मोफत होते आणि आजारी नवजात बाळावरही मोफत उपचार होतात.

ग्रुप पॉलिसीची मॅटर्निटी आणि नवजात बाळाबद्दलची पाने मोबाइलवर पाठव. रविवारी मी घरीच आहे, ओळ न् ओळ वाचून तुला फोन करतो. वहिनींना आमचा नमस्कार सांग.

तुझा मित्र