पाटीवरच्या अक्षरांसाठी : बेळगावच्या एका पेंटरमामांना अनावृत आभारपत्र

आदरणीय पेंटरमामा,

सादर नमस्कार.

दुकानांच्या पाट्यांसाठी देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत एकाच वळणाचा फॉन्ट करावा, असे मी ठरवले होते. त्यातील देवनागरीचा भाग आता पूर्ण झाला आहे आणि निपाणी, संकेश्वर, खानापूर येथील काही दुकानदारांनी तो वापरायलाही घेतला आहे. या अक्षरांचे जे कौतुक होते, त्यातला मोठा वाटा तुमचा आहे. तो लोकांसमोर मान्य करावा म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. नाव छापू नकोस, असे तुम्ही मला बजावले आहे. त्याचा मान राखून नाव गाळते, पण ऋण गाळणे मला शक्य नाही.

आपल्या भागात एकाच पाटीवर दोन लिप्या शेजारी नांदतात, आणि त्यांना नीट नांदवणे हे किती बारकाईचे काम आहे, हे मला तुमच्याकडे शिकायला मिळाले. कर्नाटकात कन्नड भाषाविषयक कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर ६० टक्के कन्नड आणि तीही वरच्या भागात असावी लागते. त्यामुळे मराठी मजकूर खालच्या, आटोपशीर जागेत येतो. हे गणित केवळ जागेच्या वाटणीचे आहे असे वरवर वाटते. परंतु कन्नड जोडाक्षरातले दुसरे व्यंजन ओत्तक्षर होऊन मुख्य अक्षराच्या खाली उतरते, तर देवनागरीत मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर चढतात. म्हणजे वरची लिपी खाली पाय सोडते, खालची लिपी वर हात करते आणि दोघींची गाठ मधल्या अरुंद पट्टीत पडते. तुम्ही ‘चन्नम्मा’ हा शब्द दोन्ही लिप्यांत लिहून मला हे दाखवले होते : देवनागरीत न्न आणि म्म आडवे पसरतात, कन्नडमध्ये त्याच दोन जोडांची दोन चिन्हे तळाशी लटकतात. म्हणून दोन ओळींमधले अंतर आखलेल्या रेघांवरून मोजू नये, सर्वांत खालच्या ओत्तक्षरापासून सर्वांत वरच्या रफारापर्यंत जी मोकळी जागा उरते ती मोजावी, ही तुमची रीत मी फॉन्टच्या उभ्या मापांत जशीच्या तशी घातली आहे.

उंचीबद्दलचे तुमचे म्हणणेही तितकेच मोलाचे ठरले. देवनागरीची अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात आणि उभे दंड त्यांना भारदस्त करतात. कन्नड अक्षरे गोल, रुंद, पोटात मोकळी असतात आणि बहुतेकांच्या माथ्यावर स्वतःचे तलेकट्टू, म्हणजे छोटी सुटी माथारेघ, असते, सलग रेघ नसते. दोन्हींची उंची पट्टीने सारखी केली की देवनागरी गर्द दिसते आणि कन्नड विरळ. “पट्टी ठेव बाजूला, डोळे अर्धे मिटून रस्त्यापलीकडून बघ की. गाडीवरचा माणूस जवळ येऊन वाचतोय होय?” असे तुम्ही म्हणालात. तेव्हापासून प्रत्येक नमुना भिंतीवर लावून लांबून पाहण्याची सवय लागली. शिरोरेषा दंडापेक्षा किंचित बारीक करणे, दंडांमधली पोकळी वाढवणे, कन्नडची जाडी केसभर वाढवणे, हे सारे निर्णय त्या लांबून पाहण्यातून झाले. त्यांतला एकही संगणकाच्या पडद्यावर मला सुचला नसता.

पहिल्या वेलांटीविषयी मात्र मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या मते या फॉन्टचा चेहरा तिथेच घडला. तुम्ही पाटी रंगवताना आधी अक्षर पुरे करता आणि वेलांटीची कमान शेवटी टाकता, म्हणजे ती त्या अक्षराच्या दंडावर नेमकी येऊन टेकते. ‘किराणा’मधल्या क चा दंड मध्ये असल्याने कमान तिथे लवकर थांबते, ‘मिठाई’मधल्या म चा दंड उजव्या कडेला असल्याने ती लांब जाते, आणि ‘स्थिती’सारख्या शब्दात तर तिला पूर्ण जोडाक्षर ओलांडावे लागते. बाजारातल्या अनेक फॉन्टमध्ये एकाच मापाची वेलांटी सगळीकडे वापरलेली असते; ती कुठे दंडाच्या अलीकडे लोंबते, कुठे त्याच्या पुढे निघून जाते, आणि डोळ्याला काहीतरी खटकते पण नेमके काय ते सांगता येत नाही. तुमचे हात पाहून मी निरनिराळ्या रुंदीच्या वेलांट्या रेखाटल्या आणि पुढचे अक्षर कोणते आहे ते पाहून योग्य ती वेलांटी आपोआप निवडली जाईल, अशी सूचना फॉन्टमध्ये भरली. फॉन्टमध्ये असे नियम भरता येणाऱ्या आजच्या ओपनटाइप तंत्रात हे सहज करता येते, फक्त त्याची गरज आधी डोळ्याला कळावी लागते.

याच अनुषंगाने तुम्ही निर्णयसागरच्या जुन्या छापील पानांकडे मला वळवलेत, त्याबद्दल वेगळे आभार. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या त्या छापखान्याचा टाइप राणोजी रावजी आरू यांनी कोरला होता, आणि त्याची डौलदार, भरीव अक्षरे आजही मराठी डोळ्याला आपली वाटतात. ती पाने पाहताना लिपीच्या वाट्याला आलेली तडजोडही समजली. देवनागरी छापायला शेकडो निरनिराळे खिळे (छपाईचे धातूचे ठसे) लागत, आणि ते कमी करण्याच्या प्रश्नात लोकमान्य टिळकांसारख्या माणसानेही लक्ष घातले होते. अक्षर आणि त्याच्या वरखालची चिन्हे सुट्या खिळ्यांवर ओतली की काम सोपे होते, पण उकार अक्षराच्या पायाशी वळण घेऊन मिसळत नाही, तो खाली वेगळा बसतो. पुढे टंकलेखन यंत्राने ही काटछाट आणखी वाढवली. पाटी रंगवणाऱ्याच्या ब्रशवर मात्र असे बंधन कधीच नव्हते. जोडाक्षर उभे रचायचे की आडवे, उकार कुठून काढायचा, हे तो जागा पाहून ठरवत आला. यंत्रासाठी लिपीने सोडलेल्या कितीतरी गोष्टी गल्लीतल्या पाट्यांवर टिकून राहिल्या, असे माझे ठाम मत झाले आहे. आता फॉन्टमध्ये हवी तितकी अक्षररूपे ठेवता येत असताना त्या परत आणल्या नाहीत, तर तो केवळ आळस म्हणावा लागेल.

मराठीच्या खास गरजांबाबत तुम्ही जो आग्रह धरलात, तोही येथे नोंदवते. पाकळीचा ल आणि देठाचा श महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण म्हणून सांगितले. तुमच्या ब्रशातून ते आधीपासूनच उतरत होते. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतला अर्धा र स्वतंत्र रूप मागतो आणि ‘ॲग्रो’च्या पाट्यांना ॲ लागतो, ज्याला युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेतात २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. आणि ळ! हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये हे अक्षर अनेकदा शेवटी उरकल्यासारखे दिसते. बेळगावचे नाव मराठीत लिहा किंवा कन्नडमध्ये, ळ दोन्हींत आहेच. म्हणून आधी ळ काढ आणि बाकीच्या गोलाया त्याच्या मापाने ठरव, असे तुम्ही सुचवलेत. त्यामुळे ट, ठ, ढ यांची पोटे एका घरातली झाली.

वेगळ्या वळणाच्या अक्षराची ओढ माणसाला का वाटते, यावर आपण पुष्कळ बोललो आहोत. अक्षरकार कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली शीर्षके पाहून प्रेक्षक नाटकाची जात ओळखत. तेथे अक्षरच नाटकाबद्दल बोलू लागे. ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने केलेल्या ‘मोदक’ फॉन्टमध्ये अक्षराच्या पोटातली पोकळी जवळजवळ मिटवूनही ते वाचता येते, आणि त्यांच्याच ‘बलू’ या फॉन्टमालिकेत देवनागरीसोबत कन्नडचेही भावंड आहे. ही कामे मला धीर देतात. फ्लेक्स आल्यापासून बेळगावच्या खडेबाजारापासून चिकोडीच्या पेठेपर्यंत त्याच त्या मोजक्या फॉन्टची छपाई दिसते आणि सराफाची पाटी खताच्या दुकानाच्या पाटीपासून वेगळी राहत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. तरीही वेगळेपणाला तुम्ही घातलेली मर्यादा मी पाळली आहे : हा फॉन्ट पाटीचा, चार-सहा शब्दांचा आहे, पुस्तकाच्या सलग मजकुरासाठी तो नाही आणि तसे त्याच्यासोबतच्या सूचनेत स्पष्ट लिहिले आहे.

जुन्या पाट्यांचे खाकी कागदावरचे आराखडे तुम्ही मला घरी नेऊ दिलेत, त्यांवरच्या खडूच्या रेघा आणि पेन्सिलीची दुरुस्ती मला तासन्‌तास पाहू दिलीत, आणि मोबदल्याचा विषय काढताच तो तुम्ही हसून बाजूला सारलात. ते सर्व आराखडे मी स्वच्छ स्कॅन करून ठेवले आहेत. मूळ कागद सपाट, कोरड्या जागी जपून ठेवले असून ते परत करण्यासाठी मी स्वतः येणार आहे. टपालाने ते पाठवण्याची माझी हिंमत होत नाही.

कन्नडची मूळ अक्षरे काढून झाली आहेत, ओत्तक्षरे मात्र अजून मनासारखी उतरलेली नाहीत. विशेषतः म आणि य यांची खालची रूपे लहान आकारात गुदमरतात, आणि अक्षराच्या उजवीकडे येणारा अर्कावत्तु, म्हणजे कन्नडचा रफार, पुढच्या अक्षराला खेटतो. येताना त्यांचे मोठे छापील नमुने सोबत आणीन. तुम्ही त्यांवर लाल पेन्सिलीने निःसंकोच खुणा कराव्यात, एवढी विनंती आहे. मामींना माझा नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
निपाणीची एक अक्षरकार