निख्या, ओमचा पासपोर्ट परत आला

नाशिकरोड,
गुरुवार, रात्रीचे साडेबारा

प्रिय निख्या,

व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. तिथे निळ्या टिका दिसल्या की तू गप्प का, याचाच विचार करत बसतो मी. म्हणून हे पत्र. सात-आठ महिने फोन नाही, तुझ्या मुलीच्या बारशालाही आलो नाही. शिव्या घालच, पण हे शेवटपर्यंत वाचून मग घाल.

घरी सगळं ठीक. आईच्या गुडघ्याचं चालूच आहे, बाबांची शुगर आटोक्यात आहे, माझं मनगट थंडीत धरतं.

ओम्याचा व्हिसा नाकारला.

हो, आपलाच ओम्या. गेमिंग कॅफेत खुर्चीवर कीबोर्डची दोन खोकी ठेवून बसायचा तो. एकोणीस वर्षांचा झाला आता, आमच्या काउंटर-स्ट्राइकच्या टीममध्ये ऑप, म्हणजे लांबून मारायची स्नायपर बंदूक, त्याच्याकडेच असते. युरोपातली लॅन, म्हणजे प्रत्यक्ष एका ठिकाणी जमून खेळायची स्पर्धा, आम्ही त्याच्याच जिवावर मिळवली रे. क्वालिफायरच्या, म्हणजे पात्रता स्पर्धेच्या, शेवटच्या डावाला आम्ही चौघं मेलो होतो, समोर तिघं जिवंत होते आणि याच्या घरी त्याच वेळी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. तिघांना काढलं. मग माइकवर म्हणाला, "दादा, भात झाला वाटतं." तेव्हा मला तुझी इतकी आठवण आली की हेडफोन काढून दोन मिनिटं गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बाकीच्यांना वाटलं मी आनंदाने रडतोय.

बाकी तिघांचे व्हिसा आले, माझाही आला. ओमच्या अर्जावर आमचाच पत्ता टाकला होता, कारण दिवसा त्यांच्या सातपूरच्या घरी कोणी नसतं. म्हणून परवा दुपारी दोन्ही पाकिटं आमच्याकडे आली आणि बाबांनी घेतली. त्यांची सवय तुला माहीत आहे. उभी हयात सिक्युरिटी प्रेसमध्ये गेली, कागद आधी बोटांनी वाचतात मग डोळ्यांनी. ओमचा नवा, चिपवाला ई-पासपोर्ट. त्यांनी कव्हर अंगठ्याने दाबून बघितलं, खालच्या सोनेरी खुणेवरून नख फिरवलं, मग पानं उलटायला लागले. छत्तीसच्या छत्तीस. शेवटपर्यंत गेले आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. "स्टिकर नाही रे याच्यात," म्हणाले. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "पुस्तिका चांगली आहे पण. शिवण बघ किती सरळ आहे." त्यांना मला काहीतरी चांगलं सांगायचं होतं, निख्या, आणि त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

मला त्या क्षणी फार लागलं. अख्ख्या देशाचे पासपोर्ट आपल्या नाशिकरोडला छापले जातात, जेलरोडला आपल्या वर्गातली निम्मी पोरं प्रेसवाल्यांची. आणि इथल्या पोराची पानं कोरी परत येतात.

पासपोर्टासोबत एक कागद असतो. छापील कारणांची यादी, प्रत्येकापुढे चौकोन. कोणी काही लिहीत नाही, चौकोनात खूण करतात. ओमच्या कागदावर दोन खुणा आहेत. एक, जाण्याच्या हेतूबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह वाटली नाही. दुसरी, मुदत संपण्याआधी परत जाण्याच्या इराद्याबद्दल रास्त शंका आहे. ही दुसरी ओळ मी आतापर्यंत पन्नास वेळा वाचली असेल. ओम्या परत येणार नाही? जो पोरगा पुण्याला लॅनला आला तर रात्री दोनला आजीला फोन करून गोळी घेतली का विचारतो? ज्याच्या पीसीचे अजून नऊ हप्ते बाकी आहेत आणि जो तो पीसी धाकट्या भावाला हात लावू देत नाही? परत येण्याची याहून मोठी कारणं कुठल्या माणसाकडे असतात? पण त्या अर्जात यासाठी रकाना नाही. रकाने आहेत ते पगाराच्या स्लिपचे, मालकाच्या रजेच्या पत्राचे, इन्कम टॅक्स रिटर्नचे, आधी कुठले देश बघितले त्याचे. एकोणीस वर्षांचा, अविवाहित, कॉलेज बाहेरून, उत्पन्न म्हणजे कधीतरी तीन महिन्यांनी येणारी बक्षिसाची रक्कम, तीही कापून, आणि पासपोर्ट कोरा. कागदावर हा मुलगा कसा दिसत असेल ते मला आता कळतंय.

माझा व्हिसा का आला, तेही कळतंय. ऑफिसची स्लिप आहे, तीन वर्षांची रिटर्न्स आहेत आणि पासपोर्टात २०१९ चा शांघायचा शिक्का आहे. त्यावर पुढे येतो.

आधी एक गोष्ट कबूल करतो, जी अजून टीममध्ये कोणाला सांगितलेली नाही. ओमच्या वडिलांच्या खात्यात फार काही नव्हतं. मीच त्यांना म्हणालो, काका, बॅलन्स चांगला दिसला पाहिजे, कोणाकडून तरी घेऊन दोन लाख टाकून ठेवा. सगळे हेच सांगतात म्हणून मीही सांगितलं. त्यांनी मेव्हण्याकडून आणून टाकले, अर्ज भरायच्या बारा दिवस आधी. आता ज्याला त्याला विचारतोय तर प्रत्येक जण कपाळावर हात मारतो. ते लोक नेमकं तेच बघतात. महिनोन्‌महिने खात्यात आठ-दहा हजार आणि अचानक एके दिवशी दोन लाख, म्हणजे पैसा यांचा नाही. त्यापेक्षा ते आठ-दहा हजारच राहू दिले असते आणि खर्च आयोजक करतोय हे पत्र वर ठेवलं असतं, तर निदान खरं तरी दिसलं असतं. दोन खुणांपैकी एक माझी आहे, निख्या.

व्हिसाची फी ९० युरो, २०२४ च्या जूनपर्यंत ८० होती. वर सेंटरचं शुल्क, ३० हजार युरोचा विमा, मुंबईच्या दोन फेऱ्या. पहिल्यांदा पंचवटी एक्स्प्रेसने गेलो, दुसऱ्यांदा तिकीट मिळालं नाही म्हणून पहाटे तीनला गाडी काढली तर कसाऱ्यात दोन तास अडकलो. ओमच्या वडिलांनी कंपनीतून उचल घेतली होती. नाकारलं तरी फी परत मिळत नाही. अपील करता येतं, पण त्याचा निकाल येईपर्यंत लॅन होऊन जाईल. नवीन अर्ज करायचा तर अपॉइंटमेंट आधी मिळायला हवी, नंतर पंधरा दिवस धर. लॅनला उरलेत एकोणीस. तसा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पण क्वालिफायर संपतो लॅनच्या थोडेच आठवडे आधी! आम्ही जिंकणार हे सहा महिने आधी कोणाला माहीत होतं?

इथे तू म्हणशील, "मी सांगत होतो." हो, सांगत होतास. २०२१ ला आपण रात्रभर भांडलो होतो ते आठवतं का? डोटा गेमची जागतिक स्पर्धा, इंटरनॅशनल, स्टॉकहोमहून बुखारेस्टला हलवली तेव्हा? मी म्हणत होतो, ४ कोटी डॉलरची स्पर्धा आहे, सरकार काय नाही म्हणणार. आणि तू ओरडत होतास, अरे स्वीडनच्या क्रीडा महासंघाने ई-स्पोर्ट्सला घेतलंच नाही, मग खेळाडूंना खेळाडू म्हणून व्हिसा देणार कसा, सरकारनेही हात वर केले. तुझंच बरोबर होतं. एवढी मोठी कंपनी, तिलाही देश बदलावा लागला. अमेरिकेने तर २०१३ मध्येच लीग ऑफ लेजेंड्सच्या एका कॅनेडियन खेळाडूला पी-वन, म्हणजे खेळाडूंचा व्हिसा दिला होता. एका ठिकाणी आपण खेळाडू, दुसऱ्या ठिकाणी फिरायला आलेली पोरं. (डोटा काउंटर-स्ट्राइकपेक्षा अवघड आहे हे मात्र मी अजूनही मान्य करत नाही. त्या खेळात माणूस मेल्यावर परत जिवंत होतो.)

आणि आपल्याकडे? २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे दिलं तेव्हा आम्ही गंगापूर रोडला पेढे वाटले होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैसे लावून खेळायचे खेळ बंद आणि ई-स्पोर्ट्स हा खेळ, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. बरं वाटलं. आई शेजारणीला सांगते आता, आमचा मंदार जुगार खेळत नाही, कायद्यात आहे. पण कबड्डीचा पोरगा परदेशी निघाला की त्याच्या फाइलीत महासंघाचं पत्र असतं, त्याच्या नावाला एक वजन असतं. ओमच्या फाइलीत आयोजकाचं निमंत्रण होतं आणि मी लिहिलेलं टीमचं पत्र होतं. लेटरहेड मीच कॉलेज रोडवरून छापून आणलं. खिडकीपलीकडच्या माणसाने ते कशाच्या जोरावर खरं मानावं? २०१८ ला जकार्ताच्या आशियाई खेळांत हर्थस्टोन या गेममध्ये भारताला ब्राँझ मिळालं, पण तो प्रात्यक्षिक खेळ, म्हणून पदकतक्त्यात धरलंच नाही. तेव्हा तू म्हणाला होतास, "आपण आहोत पण मोजत नाहीत." परवा त्या कोऱ्या पानांकडे बघताना तेच वाक्य डोक्यात होतं.

ओमला बोलावून घेतलं. आला, उभ्यानेच कागद वाचला, घडी घातली. म्हणाला, "दादा, माझा व्हिसा आपल्या नाशिकच्या कॅनडा कॉर्नरपर्यंतचाच." सगळे हसले, मीही हसलो. रात्री स्क्रिमला, म्हणजे सरावाच्या मॅचला, बसला आणि अप्रतिम खेळला, फक्त अख्खा अर्धा गेम माइकवर एक शब्द नाही. तू तसाच गप्प व्हायचास.

आता मूळ गोष्ट. रविवारी रात्री बारापर्यंत मला अंतिम पाच नावं पाठवायची आहेत. पाचातले तिघं तेच असले की जागा टिकते. हैदराबादचा एक मुलगा तयार आहे, त्याच्याकडे आधीचा व्हिसा आहे, मुदत बाकी आहे, ऑप बरी मारतो. बाकीच्या तिघांनी दोन वर्षं घातलीत यात, एकाने तर नोकरी सोडली. त्यांना मी जायचं नाही असं सांगू शकत नाही. म्हणजे मी ओमचं नाव खोडणार आहे. हे लिहितानाही हात थांबतो, पण तसंच होणार आहे.

आणि हे मी एकदा केलंय. शांघायच्या वेळी तुझा व्हिसा येईना, विमान बुधवारी. सोमवारी दुपारी मी ग्रुपवर टाकलं, "निख्याच्या जागी स्टँड-इन फायनल, सगळ्यांनी जर्सीचे साइज कळवा." तुला आधी फोनसुद्धा केला नाही. तू त्या मेसेजवर अंगठ्याची खूण टाकलीस. मी ती खूण बघून सुटलो असं समजलो. आम्ही तिकडे पहिल्याच फेरीत हरलो, इकडे शुक्रवारी तुझा व्हिसा आला. परत आलो तेव्हा द्वारका चौकातल्या टपरीवर तू पासपोर्ट उघडून ते स्टिकर माझ्यासमोर धरलंस, काही बोलला नाहीस, आणि नंतर आपण तिकिटाच्या चौदा हजारांवरून भांडलो. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की निख्याशी पैशावरून वाजलं. भांडण पैशाचं नव्हतं हे मला त्याच दिवशी माहीत होतं. तू नंतर माउस विकायला काढलास, मी तो घेतला, तो अजून माझ्या खणात आहे, खाली तू चिकटवलेल्या टेपसकट.

निख्या, मी तुला फोन करायला हवा होता. घरी यायला हवं होतं. माफ कर.

तुला विचारायचं होतं, तेव्हा मी आलो असतो तर काय बोललो असतो म्हणजे तुला बरं वाटलं असतं? मी तीन दिवस वाक्यं जुळवतोय, एकही धड नाही. उद्या संध्याकाळी काकांची शिफ्ट सुटली की सातपूरला जाणार आहे. ग्रुपवर काही टाकणार नाही, आधी ओमच्या समोर बसून सांगणार. दोन लाखांचा सल्ला माझा होता हेही काकांच्या देखत सांगणार. या वर्षी ओमचं रिटर्न भरून घेतो, सीएशी बोललोय, दीड हजार म्हणतो. मेव्हण्याचे पैसे परत करून खातं सहा महिने आहे तसं चालू देणार. पुढच्या क्वालिफायरला जिंकण्याआधीच अपॉइंटमेंटची चौकशी करून ठेवणार. पण हे सगळं नंतरचं. उद्या संध्याकाळी त्या पोराकडे बघून पहिलं वाक्य काय बोलू?

तुझ्या हिंजवडीचं काय? नवा मॅनेजर कसा आहे? बाळ रात्री झोपतं का? फोटोत तुझ्या आईवर गेलेली दिसते. वहिनींना सांग, मेनरोडवरून आणलेलं झबलं आईने कपाटात जपून ठेवलंय, तुम्ही आलात की देईल.

एक काम कर. ओमला फोन कर. उद्या नको, मी सांगून आल्यावर, शनिवारी. मी सांगितलंय असं सांगू नकोस. बोलायचं काय ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तो तुझा नंबर कधीच विसरला नाही, त्याच्या फोनमध्ये अजून "निखिल दादा ऑप" असंच आहे.

तुझा,
मंद्या

ता. क. बाबांना तुझं ते चिनी स्टिकर एकदा बघायचंय. म्हणाले, आयुष्यभर पासपोर्ट हाताळले, पण न वापरलेला व्हिसा कधी हातात घेतला नाही. येताना पासपोर्ट आण.