अंदाजाला शोध म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या विज्ञान पुरवणीतील प्रथिनांवरचा लेख वाचून स्वस्थ बसवले नाही. प्रथिनांच्या रचनांचा अंदाज बांधणाऱ्या आल्फाफोल्ड या संगणकप्रणालीच्या संग्रहात २०२२ पासून २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या त्रिमितीय रचना आहेत, हे खरे आहे. पण संगणकाने त्या ‘शोधल्या’ असे आपण छापता, तेव्हा अमिनो आम्लांच्या क्रमावरून बांधलेला अंदाज आणि प्रयोगशाळेतले मोजमाप यांतला फरकच पुसला जातो. आल्फाफोल्ड घडवणाऱ्या हसाबिस आणि जम्पर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते योग्यच झाले. मात्र त्यांच्या प्रणालीला ज्या रचनांवर शिकवले गेले, त्या प्रयोगांनी मोजलेल्या रचना जपणाऱ्या प्रोटीन डेटा बँकेचे नावही लेखात नसावे, याचे वाईट वाटले. १९७१ साली अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत अवघ्या ७ रचनांनिशी सुरू झालेल्या या संग्रहात आज २ लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्यांतल्या कित्येकींमागे क्ष-किरणांनी मोजमाप करता येईल असा प्रथिनाचा एक धड स्फटिक मिळावा म्हणून कोणीतरी घालवलेली वर्षे आहेत.

हा केवळ शब्दाचा वाद नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने पी५३ या कर्करोगाशी निगडित प्रथिनावर प्रकल्प केला होता. आल्फाफोल्डच्या चित्रात या प्रथिनाच्या दोन्ही टोकांचे बरेच भाग पिवळे आणि नारिंगी दिसतात. म्हणजे तेथे खात्री कमी आहे, असे तो संग्रह स्वतःच सांगतो. त्या टोकांना एरवी ठरावीक घडीच नसते. म्हणून तिने ते भाग विश्लेषणातून वगळले आणि मधला भाग डेटा बँकेतील ‘१टीयूपी’ या डीएनएला बिलगलेल्या, क्ष-किरणांनी निश्चित केलेल्या रचनेशी ताडून पाहिला. मौखिक परीक्षेत बहिस्थ परीक्षकांनी विचारले, ‘संगणकाने सबंध साखळी दाखवलेली असताना ती तोडण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?’ तिने रंगांचा अर्थ सांगायला सुरुवात केली, तेव्हा तिला थांबवण्यात आले. गुण गेले ते गेलेच. पण सर्वांत विचारपूर्वक केलेल्या कामाबद्दल तिला चारचौघांत बोलणी खावी लागली, हे मला आजही सलते. कालच्या लेखासारखे लेख वाचून उद्याचे परीक्षक तयार होणार असतील, तर अशा मुलांची बाजू कोणी घ्यायची?

जाता जाता आणखी एक गोष्ट. लेखाशेजारी छापलेल्या डीएनएच्या चित्रातील मळसूत्र डाव्या वळणाचे आहे. पेशीतला नेहमीचा डीएनए उजव्या वळणाचा, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखा असतो. डाव्या वळणाचा झेड-डीएनए असतो, परंतु त्याची नागमोडी ठेवण आपल्या चित्रात नाही. चित्र आरशातल्यासारखे उलटले गेले आहे, इतकेच. डेटा बँकेत ‘१बीएनए’ हा क्रमांक टाकला की डीएनएची खरी रचना पडद्यावर हवी तशी फिरवून पाहता येते, त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. पुढील पुरवणीत हे चित्र सुलट करून छापावे आणि आल्फाफोल्डच्या चित्रांखाली ‘अंदाजित रचना’ एवढे दोन शब्द घालावेत, ही विनंती.

– जीवरसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, अमरावती