वृद्धाश्रमात बघायची बाग नको, ज्याचा त्याचा वाफा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन आला की आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या वृद्धाश्रमांत केळी वाटप, ब्लँकेट वाटप आणि मग ग्रुप फोटो हे ठरलेलंच असतं. त्यात वाईट काही नाही, पण ज्या माणसाने जन्मभर केळीची खोडं लावली त्याला आपण खुर्चीत बसवून दोन केळी हातात देतो आणि वर म्हणतो आबा सावकाश खा. जरा विचार करा राव. माझं म्हणणं एवढंच आहे की वाटप थोडं कमी करा आणि ज्याला हवा त्याला त्याचा स्वतःचा एक वाफा द्या.

हे बोललं की व्यवस्थापक सांगतात, बाग आहे ना आमच्याकडे. असते की, लॉन असतं, क्रोटन असतं, माळी येऊन पाणी मारून जातो आणि बाजूला पाटी, फुले तोडू नये. ती बघायची बाग झाली. इंग्लंडमध्ये अलॉटमेंट म्हणतात तसं पाहिजे. तिथे गावची कौन्सिल लोकांना भाड्याने जमिनीचा तुकडा देते, १९०८ चा कायदाच आहे त्यासाठी, आणि त्या तुकड्यात काय लावायचं ते ज्याचं तो ठरवतो. त्यांचा जुना माप साधारण २५० चौरस मीटरचा, आपल्या म्हाताऱ्यांना तेवढा कशाला, पलंगाएवढा पुरे.

ठरवणं महत्त्वाचं का, तर १९७६ साली अमेरिकेत कनेक्टिकटच्या एका नर्सिंग होममध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एक छोटा प्रयोग केला होता. एका गटाला सांगितलं की तुमच्या रोजच्या गोष्टी तुम्ही ठरवा, आणि हे रोप घ्या, पाणी तुम्हीच घालायचं. दुसऱ्या गटालाही रोप दिलं, पण तुमचं सगळं आम्ही बघू, पाणी नर्स घालेल. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातले लोक जास्त तरतरीत, जास्त बोलते निघाले. म्हणजे रोप दोन्हीकडे होतं बरं का.

ऑस्ट्रेलियात डब्बो गावी साठीच्या पुढच्या २८०५ लोकांवर १६ वर्षं लक्ष ठेवलं, त्यात रोज बागकाम करणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका ३६ टक्के कमी दिसला. आता धडधाकट माणूसच बागेत जातो हेही त्यात असणारच, म्हणून खुरपं हे काही औषध नाही. पण सकाळचं कोवळं ऊन, उठणं-बसणं, बोटांची हालचाल, भूक आणि रात्रीची झोप, एवढं तरी पदरात पडतं ना.

माझी मावशी जिथे आहे तिथे जुने प्लास्टिकचे ड्रम आडवे कापून, खाली भोकं पाडून काही जणांनी सुरुवात केलीय. नुसती काळी माती घातली तर घट्ट बसते आणि पाणी धरून ठेवते, म्हणून शेणखत आणि थोडी वाळू मिसळली. मेथी महिनाभरात निघाली, अंबाडी आली, गिलक्याचा वेल जाळीवर गेला. यावलकडचे एक आबा आहेत, एरवी कोणाशी बोलायचे नाहीत, आता मावशीच्या वांग्यापाशी उभं राहून तिलाच दटावतात, "इतलं पानी नको टाकू, मूय सडी जाई!" ती पण ऐकून घेत नाही, "मना वांगा शेत" (माझी वांगी आहेत) म्हणते. ड्रमवर चुन्याने तिचं नाव लिहिलंय. आख्खी जिंदगी शेतात राबली पण सातबाऱ्यावर तिचं नाव कधी चढलं नाही, त्यामुळे हे नाव ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

पडले तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न बरोबर आहे. म्हणून वाफे जमिनीवर नकोत, विटांचे दोन-सव्वादोन फूट उंच बांधा, खुर्चीत बसून हात पोचेल एवढेच रुंद, आणि मधली वाट व्हीलचेअर जाईल अशी, शेवाळ न धरणारी. शुगरवाल्यांना बुटाशिवाय मातीत जाऊ द्यायचं नाही, पायाची जखम लवकर भरत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारून. बादल्या उचलायला लावू नका, ठिबकची एक नळी टाका, ठिबक काय आपल्याकडे नवीन आहे का! एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो तेव्हा ग्रीन नेट लावा आणि काम फक्त उजाडल्यावर. फवारा मारायचाच तर निंबोळी अर्क. आणि ज्याला नको त्याला बळजबरी नको, काहींना शेतीचा वीट आलेला असतो, त्यांना पत्ते खेळू द्या.

नगरपालिकांना पण एक विनंती. कॉलन्यांमधल्या कितीतरी ओपन स्पेसमध्ये नुसतं गवत आणि गाजरगवत माजलंय, जवळ वृद्धाश्रम असेल तर त्यातला कोपरा कुंपण घालून त्यांना वापरायला द्या. सल्ल्याला पाल आणि ममुराबादची कृषी विज्ञान केंद्रं आहेत, धुळ्यात कृषी महाविद्यालय आहे, विद्यार्थी आठवड्यातून एकदा आले तरी चालेल (शिकवायला नाही, शिकायला आले तर जास्त बरं). ज्यांना देणगी द्यायची असेल त्यांनी यंदा ब्लँकेटऐवजी विटा आणि दोन ट्रॉली शेणखत द्या, मे संपायच्या आत वाफे बांधून झाले तर पावसाळ्यात भरताच्या वांग्याची रोपं लावता येतील.

आपला,
एक वाचक, भुसावळ