खडे नव्हेत, अक्षरे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधल्या भावदर्शक दागिन्यांवर आलेला लेख आवडला. परंतु 'काळा दागिना शोकाचा आणि रंगीत दागिना प्रेमाचा' ही त्यातली सरळ वाटणी पटली नाही. अविवाहित व्यक्ती किंवा लहान मूल गेल्यास त्या काळी शोकाच्या अंगठीवर पुष्कळदा पांढरा मिना चढवीत आणि अश्रूंची खूण म्हणून तिच्यात बारीक मोती बसवीत. उलट, इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या काळ्याभोर, वजनाला हलक्या जेटला, म्हणजे अश्मीभूत लाकडाला, १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट वारल्यानंतर शोकासाठी मोठी मागणी आली हे खरे असले, तरी नुसत्या हौसेनेही ते घातले जाई. सापाचेही तसेच. शेपूट तोंडात धरलेला साप म्हणजे ज्याला अंत नाही असे प्रेम, आणि म्हणूनच अल्बर्टने व्हिक्टोरियाला वाङ्निश्चयाची जी अंगठी दिली ती पाचू जडवलेल्या सापाची होती.

लेखात राहून गेलेला प्रकार म्हणजे खड्यांतून शब्द लिहिणारी अंगठी. रूबी, एमरल्ड, गार्नेट, अमेथिस्ट, रूबी आणि डायमंड असे सहा खडे या क्रमाने बसवले, की त्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांतून 'रिगार्ड' हा शब्द, म्हणजे आदर मिसळलेला जिव्हाळा, तयार होतो. ज्याला ही खूण ठाऊक नाही त्याला ती नवरत्नांची अपुरी अंगठीच वाटावी, आणि आमच्या घरी नेमके तेच घडले.

माझ्या आत्याने फार वर्षांपूर्वी इंग्लंडहून आणलेल्या अशाच एका अंगठीतला तिसरा खडा गळाला, म्हणून ती ओळखीच्या सराफाकडे दिली. त्यांनी, आमचे काम चोख व्हावे याच हेतूने, 'लाल फार झाले होते, निळ्याने उठाव येईल' असे म्हणत गार्नेटच्या जागी नीलम बसवला. नीलम म्हणजे सफायर. त्यामुळे 'रिगार्ड'चे 'रिसार्ड' झाले, ज्याला काहीच अर्थ नाही. शिवाय आतल्या बाजूच्या इवल्याशा काचेखाली कणसाच्या केसांसारखी पिवळसर, माणसाच्या केसांची बारीक वेणी होती, तीही साफसफाईत 'कचरा' म्हणून काढली गेली. सराफांना मी दोष देत नाही. खड्यांचा क्रम आम्हीच कागदावर लिहून द्यायला हवा होता. पण सोन्याचे वजन आणि खड्याचे पाणी एवढेच पाहायची सवय लागली, की केसांच्या बटेला किंमत राहत नाही, हेही खरे.

लेखमालेच्या पुढच्या भागात अशा एखाद्या अंगठीचे मोठे छायाचित्र खड्यांच्या क्रमासह छापावे, ही विनंती. आमच्या अंगठीत आता पुन्हा गार्नेट बसवून घेतला आहे. तो पूर्वीच्या खड्यापेक्षा किंचित काळसर आहे, आणि आतली काच रिकामीच आहे.

आपली,
एक वाचक, पुणे